बायकोचे हात लहान आहेत, तर सर्वांत छोटं आणि हलकं पिस्तूल घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ह्यूस्टनला राहता, दोघांकडे ग्रीन कार्ड आहे, वहिनींना कामावरून यायला रात्रीचे अकरा वाजतात. पर्समध्ये मावेल असं पिस्तूल हवंय आणि दुकानात सांगितलंय, "हात लहान आहेत ना, मग सर्वांत छोटं आणि हलकंच घ्या, झटकाही (गोळी सुटताना हाताला मागे बसणारा धक्का) कमी बसेल."

ते झटक्याचं साफ चुकीचं आहे. मला अगदी हेच सांगितलं होतं आणि मी विश्वास ठेवला. त्यात पैसे गेले ते गेलेच, पण हाताला जी वाईट सवय लागली ती मोडायला वर्ष गेलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी डॅलसजवळ राहते, फार्मासिस्ट आहे, माझीही बरीच वर्षं रात्रपाळी होती. पहिलं पिस्तूल घेतलं ते रुगर एलसीपी, .380 एसीपी कॅलिबरचं (कॅलिबर म्हणजे काडतुसाचं माप). 2008 साली आलेलं हे मॉडेल तेव्हा खूप खपत होतं. रिकामं वजन जेमतेम 270 ग्रॅम. दुकानात हातात घेतलं तेव्हा वाटलं, हेच आपलं. रेंजवर (नेमबाजीच्या सरावाची जागा) पहिली मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची डबी, संपेपर्यंत मत बदललं होतं. करंगळीला पकडायला जागाच नव्हती, ती हवेत. प्रत्येक गोळीला ट्रिगरचं खालचं टोक बोटाच्या पेरावर आपटायचं आणि अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात छडी मारल्यासारखं लागायचं. घरी आले तेव्हा तिथे लाल वळ होता. पिस्तुलात काही दोष नव्हता. ते खिशात दिसू नये म्हणून बनवलंय आणि ते काम चोख करतं.

असं का होतं, याचं उत्तर नववीच्या विज्ञानात आहे: संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत. गोळीला पुढे जितका संवेग मिळतो, तितकाच पिस्तुलाला मागे मिळतो. पिस्तूल जितकं हलकं, तितकं ते जास्त वेगाने मागे येतं. फक्त गोळीचं वजन आणि वेग धरून ढोबळ हिशोब करून बघा. ग्लॉक 19 (रिकामं साधारण 670 ग्रॅम, 9 मिमी) सेकंदाला सुमारे 4 मीटर वेगाने मागे येतं. सिग पी365 (साधारण 500 ग्रॅम, तीच 9 मिमी गोळी) सुमारे 5 मीटरने. आणि ते इवलंसं एलसीपी, ज्याची गोळी या दोघांपेक्षा कमजोर आहे, ते 6 मीटरने. म्हणजे लहान काडतूस घेऊनसुद्धा हाताला बसणारा फटका जास्त तीक्ष्ण.

हिशोबात न दिसणाऱ्याही काही गोष्टी आहेत. मूठ अरुंद असेल तर तोच धक्का तळहाताच्या छोट्या पट्टीवर एकवटतो. रुंद पाटा डोक्यावर घेणं आणि तारेचं ओझं डोक्यावर घेणं यात जो फरक, तोच. तिन्ही बोटं मुठीवर बसत नसतील तर नळी जास्त उसळते. आणि आतली रचना. वॉल्थर पीपीकेसारख्या जुन्या पिस्तुलांत नळी जागेवर घट्ट असते आणि स्लाइडला (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग रोखून धरते. याला ब्लोबॅक म्हणतात. पीपीके दिसायला जड, पोलादी, तरी .380 मध्ये ते हाताला चांगलंच चावतं. नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांना अडकून एकत्र मागे जातात अशा पिस्तुलांत तोच धक्का थोडा लांबतो, मऊ वाटतो. वहिनींना .380च हवं असेल तर पी365चंच .380 रूप 2022 मध्ये आलंय. आकार 9 मिमीच्या पी365एवढाच आणि गोळी सौम्य, त्यामुळे मारायला फार सुखाचं. स्मिथ अँड वेसनच्या शील्ड ईझीची स्लाइड ओढायला मुद्दाम सोपी केली आहे. हे महत्त्वाचं आहे, कारण पिस्तूल लहान म्हणजे स्लाइड हलकी, आणि स्लाइड हलकी म्हणजे स्प्रिंग कडक. मनगटात जोर नसलेल्या माणसाला लहान पिस्तुलाची स्लाइड ओढणंच जास्त जड जातं. दुकानात हे कुणी सांगत नाही.

आता मला खरं जे सांगायचंय ते. झटक्याने नेम चुकत नाही. तीन इंची नळीतून गोळी बाहेर पडायला एक मिलिसेकंदही लागत नाही. हात उसळतो तोवर ती गेलेली असते. नेम चुकतो तो झटक्याच्या भीतीने, आणि ती भीती ट्रिगरवर उतरते. पुढच्या फटक्याची आठवण असलेलं बोट ट्रिगर दाबत नाही, हिसका देतं. मनगट आधीच खाली झुकतं. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या मग खाली-डावीकडे पडायला लागतात.

माझ्या बाबतीत हे कसं कळलं ते सांगते. टेक्सासच्या पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याच्या परीक्षेत 3, 7 आणि 15 यार्डांवरून मिळून 50 गोळ्या मारायच्या असतात, 250 पैकी 175 गुण लागतात. मी पास झाले, पण 15 यार्डांच्या दहापैकी चार गोळ्यांचा कागदावर पत्ता नव्हता. त्यानंतर एका प्रशिक्षक बाईंनी माझ्या मॅगझिनमध्ये मला न दाखवता खऱ्या गोळ्यांच्या मधे दोन डमी, म्हणजे न उडणाऱ्या खोट्या गोळ्या, भरल्या. तिसऱ्यांदा ट्रिगर ओढला, आवाजच झाला नाही, आणि माझ्या डोळ्यांसमोर नळीचं तोंड दोन इंच खाली गेलं. झटका नव्हताच. ते सगळं माझं होतं. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "पुन्हा." तो क्षण मी विसरलेले नाही. वहिनींना रेंजवर न्याल तेव्हा हे नक्की करून बघा. डमी काडतुसं कुठेही मिळतात.

छोट्या पिस्तुलात ट्रिगर का जास्त छळतो, तेही बघा. स्मिथ अँड वेसनची 642 ही पाच गोळ्यांची छोटी रिव्हॉल्व्हर पर्ससाठी हमखास सुचवली जाते. तिचं वजन 410 ग्रॅमच्या आसपास, आणि ट्रिगर ओढायला जोर लागतो दहा-बारा पौंड, म्हणजे पाच किलोच्या घरात. चारशे ग्रॅमची वस्तू हवेत स्थिर धरायची आणि तिच्यावरच्या एका बटणावर पाच किलोचा जोर लावायचा! बोटाने केसभर तिरकं ओढलं तरी नळी हलते. जड पिस्तूल असा जोर पचवतं, हलकं पचवू शकत नाही.

म्हणून दुकानात ट्रिगर तपासताना फक्त "हलका की जड" एवढंच बघू नका. आधी दुकानदाराला विचारून, चेंबर (नळीच्या मागची, गोळी बसते ती जागा) रिकामं आहे हे स्वतः दोनदा बघून, मग सावकाश ओढा. सुरुवातीची ढिली चाल किती आहे? मग एक भिंत लागते, म्हणजे ट्रिगर घट्ट अडतो. ती स्पष्ट कळते का, की सगळं चिखलातून ओढल्यासारखं आहे? सुटतो तेव्हा काडी मोडल्यासारखा सुटतो का? सुटल्यावर बोट मागे किती घसरतं? आणि सोडताना परत बसल्याची टिक बोटाला जाणवते का? जोर सहा पौंड असला तरी चाल एकसारखी असेल तर हात शिकतो. साडेचार पौंडांचा पण अडखळणारा ट्रिगर जास्त त्रास देतो. आणखी एक: लहान हातांना ट्रिगरपर्यंतचं अंतर नडतं. बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सरळ बसलं पाहिजे, त्यासाठी मूठ फिरवावी लागत असेल तर ते पिस्तूल खाली ठेवा.

पर्सबद्दल मात्र मी हात जोडून सांगते. सुटं पिस्तूल पर्समध्ये टाकू नका. 642चा तो लांब, जड ट्रिगर निदान चुकून ओढला जाणं अवघड असतं. पी365 किंवा ग्लॉक 43सारख्यांचा हलका, आखूड ट्रिगर किल्ल्यांच्या जुडग्यानेही दाबला जाऊ शकतो. ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) आणि पर्सचा वेगळा, बंद होणारा कप्पा हवाच. डिसेंबर 2014 मध्ये आयडाहोत एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं, गोळी सुटली आणि आई जागीच गेली. त्या पर्सला पिस्तुलासाठी वेगळा कप्पा होता, तरीही. तुमच्या घरी लहान मूल असेल तर पर्सचा विचारच सोडा, कमरेला अंगाशी बसणारं होल्स्टर बघा. पहिले पंधरा दिवस टोचतं, नंतर सवय होते.

मी आता पी365 वापरते, लांब मुठीचं, बारा गोळ्यांच्या मॅगझिनचं. करंगळी मुठीवर बसते, एवढ्यानेच निम्मा फरक पडला. एलसीपी मी विकलं नाही, पण बाहेर नेत नाही. रोज रात्री दहा मिनिटं रिकाम्या पिस्तुलाने सराव करते: गोळ्या दुसऱ्या खोलीत, चेंबर तपासलेलं, समोर बाहेरची जाड विटांची भिंत. पुढच्या साइटवर (नळीच्या टोकाशी नेम धरायचा उंचवटा) एक नाणं ठेवायचं आणि ते न पाडता ट्रिगर ओढायचा. सुरुवातीला माझं नाणं दर वेळी पडायचं.

हे वाचणाऱ्या एच-1बीवाल्यांसाठी एक: बिगर-स्थलांतरित व्हिसावर बंदूक बाळगायला संघीय कायद्याने मनाई आहे, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून. टेक्सासात 2021 पासून परवान्याशिवाय बाळगता येतं हे ऐकून गैरसमज करून घेऊ नका, वकिलाला विचारा.

तुम्ही या शनिवारी एवढंच करा. भाड्याने पिस्तुलं देणारी रेंज शोधा आणि वहिनींच्या हातात आधी ग्लॉक 19च्या आकाराचं काहीतरी द्या, मग पी365, मग ईझी, आणि अगदी शेवटी एलसीपी किंवा 642. प्रत्येकी दहाच गोळ्या. तुम्ही मागे उभे राहा, सूचना देऊ नका. आणि पसंती त्यांना करू द्या.