पाचव्या टप्प्यात ‘अडकलेली’ बाई बोलतेय

४३व्या वर्षीही ‘मी नक्की कोण, मला काय करायचंय’ हे ठरत नाही, म्हणजे मनोविश्लेषक एरिक एरिक्सनने सांगितलेल्या आयुष्याच्या आठ टप्प्यांपैकी पाचव्या, ‘मी कोण’ हे ठरवायच्या टप्प्यातच मी अडकलोय का आणि पुढचे टप्पे आता हातचे गेले का, असं तुम्ही विचारलंय. नाही गेले. एवढंच उत्तर हवं असेल तर इथेच थांबा, कारण पुढे मी माझ्या भावावर घसरणार आहे.

दादा मनुष्यबळ विभागात मोठ्या पदावर आहे. मी हिशेबनिसाची पक्की नोकरी सोडून सांकेतिक भाषेच्या दुभाषाचं शिक्षण घ्यायला लागले तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. घरात सगळे जमलेले असताना त्याने कुठल्याशा प्रशिक्षणात मिळालेला एरिक्सनच्या आठ टप्प्यांचा तक्ता मोबाईलवर काढला आणि सगळ्यांना वाचून दाखवला. १२ ते १८: स्व-ओळख विरुद्ध भूमिकांचा गोंधळ. ४० ते ६५: उत्पादकता विरुद्ध साचलेपण. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुझ्या वयाची माणसं पुढच्या पिढीला काहीतरी देतात. तू अजून स्वतःलाच शोधतेयस. हे शास्त्र आहे, मी नाही म्हणत.” आईने विषय बदलला. वहिनी हसली. मी काही बोलले नाही, पण घरी येऊन वाचायला बसले, आणि वाचता वाचता पारा चढत गेला.

तो तक्ता लोक लसीकरणाच्या तक्त्यासारखा वाचतात. अमुक वयात अमुक डोस, चुकला की चुकला. एरिक्सनने १९५० साली छापलेल्या आकृतीत आठ आडव्या आणि आठ उभ्या, अशा ६४ चौकटी आहेत. मजकूर आहे तो फक्त कर्णावरच्या आठांत. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक प्रश्न सगळ्या वयांत कुठल्या ना कुठल्या रूपात असतोच, एखाद्या काळात तो ऐरणीवर येतो इतकंच. तीन वर्षांच्या मुलातही ओळखीचं बीज असतं आणि सत्तरीतल्या माणसालाही पहिल्या, तान्हेपणीच्या टप्प्यातला विश्वास-अविश्वासाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. गाईडवाल्यांनी कर्ण उचलला, शेजारी वयं लिहिली आणि उरलेल्या ५६ चौकटी फेकून दिल्या. ‘विरुद्ध’ म्हणजे एकाने जिंकायचं असंही नाही. थोडा अविश्वास शिल्लक नसेल तर माणूस कोणाच्याही मागे जाईल.

आणि ‘ओळखीचं संकट’ हा शब्दप्रयोग आला कुठून, हे दादाच्या प्रशिक्षणात कोणी सांगितलं नसावं. एरिक्सनच्याच आठवणीप्रमाणे तो पहिल्यांदा वापरला गेला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सैनिकांच्या पुनर्वसनाच्या दवाखान्यात. आपण तेच आहोत, कालचे आणि आजचे एकच, ही जाणीवच हरवून बसलेली ती माणसं होती. वयात येणाऱ्या मुलांचा नंबर त्यानंतर लागला.

खुद्द एरिक्सनचं बघा. जन्म १९०२. खरा बाप कोण हे त्याला कधीच कळलं नाही. सावत्र वडिलांचं होमबर्गर हे आडनाव घेऊन वाढला. तरुणपणी चित्रं काढत भटकला, पंचविशीत व्हिएन्नाच्या एका छोट्या शाळेत शिकवायला लागला आणि तिथे सिग्मंड फ्रॉइडची मुलगी ॲना फ्रॉइड हिच्या हाताखाली मनोविश्लेषणात शिरला. विद्यापीठाची पदवी नाही. १९३९ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्याने एरिक्सन हे आडनाव स्वतःच निवडलं. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. दादाच्या तक्त्याने मोजला तर एरिक्सनसुद्धा नापास.

आता मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्शिया. त्याने १९६६ मध्ये कॉलेजच्या मुलांच्या मुलाखती घेऊन ओळखीच्या चार अवस्था सांगितल्या: ना शोध ना निर्णय, शोध चालू, शोधून झालेला निर्णय, आणि शोध न घेताच घेतलेला निर्णय. हा चौथा प्रकार बाहेरून फार स्थिर दिसतो. मोठ्यांनी सांगितलं ते शिकला, सांगितली ती नोकरी धरली, प्रश्नच पडला नाही. आमच्या घरात असं कोण आहे ते मी लिहीत नाही. शोध आणि स्थिरता यांच्यात मोठी माणसंही फेऱ्या मारतात, असं मार्शियाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे मांडलं. नोकरी गेली, घटस्फोट झाला, मुलं घराबाहेर पडली की फेरी नव्याने सुरू.

राहिला सातवा टप्पा, ज्याच्यावरून मला ऐकवलं गेलं. उत्पादकता म्हणजे मूल आणि मुदत ठेव नव्हे. पुढच्यांना घडवणं, सांभाळणं, हातातलं त्यांच्याकडे देणं. पोटची पोरं नसली तरी ते होतं. कर्णबधिर मुलगी डॉक्टरांसमोर बसलेली असते, तिचं दुखणं तिच्या हातांतून माझ्या तोंडात येतं आणि डॉक्टर पहिल्यांदा आईऐवजी तिच्याकडे बघून बोलतात. हे कुठल्या टप्प्यात बसतं? मी ओळख शोधत होते आणि त्याच वेळी हेही करत होते. दादाने मात्र इतक्या वर्षांत हाताखालच्या एकालाही स्वतःचं काम धड शिकवलेलं नाही. रजेवर गेला तर फायली कुलपात. त्यामुळे तुम्हाला कोणी तक्ता दाखवला तर आधी विचारा, तुम्ही कोणाला काय शिकवलंत? पुढचं संभाषण बऱ्यापैकी छोटं होतं.

हेही सांगायला हवं की एरिक्सनचं बरंचसं काम रुग्णांच्या आणि मुलांच्या निरीक्षणावर उभं आहे. प्रयोगशाळेत मोजून सिद्ध केलेला क्रम तो नाही. स्त्रियांबद्दल त्याने लिहिलेलं काही आज वाचवत नाही. शेवटी तर त्याच्या बायकोने, जोननेच, तो गेल्यावर अतिवृद्धांसाठी नववा टप्पा जोडला. म्हणजे तक्ता घरातच अपुरा पडला होता. तरी तो टाकाऊ नाही. कुठला प्रश्न आपल्याला आत्ता छळतोय, हे बघायला त्याचा उपयोग होतो.

आणि एक, हे खरं तर आधी लिहायला हवं होतं. ‘काय करायचं कळत नाही’ आणि ‘काहीच करावंसं वाटत नाही’ यांत फरक आहे. दुसरं असेल, सोबत झोप-भूक बिघडली असेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर टप्पे बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत.

शेवटी तुम्ही विचारलंय की आताची नोकरी सोडू की राहू. ते मला कसं कळणार? मी सोडली तेव्हा घराचे हप्ते फिटलेले होते. तुमचे फिटलेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही.