जुना ऑसिलोस्कोप प्रथमच सुरू करताना
उद्यमनगरातील भंगारवाल्याकडून आपण आणलेला ऑसिलोस्कोप (विद्युत संकेताचा आलेख पडद्यावर दाखवणारे उपकरण) थेट सॉकेटला जोडू नये. मागील बाजूचा व्होल्टेज सिलेक्टर आधी पाहावा, कारण अमेरिकेतून आलेली उपकरणे अनेकदा ११५ व्होल्टवर ठेवलेली असतात. त्यानंतर फेजच्या वायरमध्ये १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये घालून वीज द्यावी. बल्ब पूर्ण तेजाने पेटतच राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजावे.

पडद्यावर ट्रेस (प्रकाशाची रेषा) दिसत नाही म्हणून ट्यूबला (पडद्याच्या काचेच्या नळीला) दोष देण्याची घाई अनेक जण करतात; परंतु सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले प्रत्येक डीसी व्होल्टेज व त्यावरील रिपल (व्होल्टेजमधील बारीक चढउतार) मोजले, तर दोष बहुधा पॉवर सप्लायमधील सुकलेल्या इलेक्ट्रोलिटिक किंवा शॉर्ट झालेल्या टँटलम कपॅसिटरमध्येच सापडतो. सगळे कपॅसिटर सरसकट बदलणे मात्र मला मान्य नाही, कारण त्यात जुन्या बोर्डाचे ट्रॅक (तांब्याच्या पट्ट्या) उखडतात आणि मूळ दोष शोधणे अधिकच अवघड होते. आपल्याकडील पावसाळ्यात दमट हवेने स्विचचे कॉन्टॅक्ट खराब होतात. त्यांना कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो.

ट्यूबला हजारो व्होल्ट मिळतात आणि वीज बंद केल्यावरही चार्ज टिकतो, म्हणून रेझिस्टरमधून डिस्चार्ज केल्याशिवाय तेथे हात लावू नये, तसेच मोजमापाच्या सोयीसाठी अर्थिंगची पिन कधीही काढू नये.