ते ७८ टक्के कुठे लिहिलं होतंस?

प्रश्न: ताई, मी एम.एस्सी. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये सुझुकी कपलिंग करते, म्हणजे पॅलेडियमच्या कॅटॅलिस्टने दोन रेणू जोडायची रिॲक्शन. सर माझ्या लॅबमेटला सगळं जवळ बसून समजावतात, पोस्टरवरही तिचं नाव आधी घातलं. माझ्यावर त्यांचा विश्वासच नाही. पहिल्याच वेळी मला ७८ टक्के यील्ड, म्हणजे जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या प्रॉडक्टच्या ७८ टक्के, आलं होतं (तेव्हा वही जवळ नव्हती म्हणून टिश्यूवर लिहिलं आणि रविवारी वहीत उतरवलं), पण नंतर तीनदा केलं तर चाळीसच्या वर जात नाही. परवा सर सगळ्यांसमोर म्हणाले, 'आता माझ्यासमोर करून दाखव.' इतका अपमान कधी झाला नव्हता. गाईड बदलून मागू का? की एम.एस्सी.च सोडू?

उत्तर: लॅबमेट, पोस्टर, नावांचा क्रम, सगळं बाजूला ठेव. मी आज फक्त तुझ्या कंसातल्या वाक्याबद्दल बोलणार आहे.

त्या टिश्यूवर काय लिहिलं होतंस? नुसतं वजन? कॅटॅलिस्ट कुठल्या बाटलीतून घेतला, नायट्रोजन किती वेळ सोडला, कॉलमवरून शुद्ध होऊन आलेला प्रॉडक्ट व्हॅक्यूम पंपावर किती वेळ ठेवला, हे त्यावर होतं का? नसणार. मग रविवारी वहीत उतरवताना या मोकळ्या जागा तू कशाने भरल्यास? रिसर्च पेपरात दिलेल्या प्रोसीजरने. म्हणजे ते पान तू केलेल्या प्रयोगाचं नाही, करायला हवा होता त्या प्रयोगाचं आहे. त्याच पानावर बघून तू तीनदा रिॲक्शन लावलीस आणि तीनदा अडकलीस. आता त्या पानाला सरांनी पुरावा मागितला, तर तो तुला अपमान वाटतो. मला नाही वाटत.

अगं, सुझुकी कपलिंग ही बारीकसारीक गोष्टींवर फिरणारी रिॲक्शन आहे. टेट्राकिस हे पॅलेडियमचं संयुग कॅटॅलिस्ट म्हणून वापरत असशील तर ते ताजं असताना छान पिवळं असतं, हवा लागली की काळपट-हिरवट पडतं आणि काम करेनासं होतं. जोडायच्या दोन रेणूंपैकी एक, बोरॉनिक ॲसिड, बाटलीतल्या बाटलीत पाणी सोडतं, तीन रेणू जुळून बोरॉक्सिन होतं, आणि तेवढंच वजन घेतलं तरी मोलचा, म्हणजे रेणूंच्या संख्येचा, हिशेब बदलतो. पहिल्या दिवशीची बाटली कुठली होती, हे आता कुणाला माहीत आहे? तुलाही नाही.

केमिस्ट निकोलस लेडबीटर यांचं उदाहरण सांगते, कारण ते तुझ्याच रिॲक्शनचं आहे. २००३ मध्ये त्यांच्या गटाने मेटल कॅटॅलिस्ट न घालताच सुझुकी कपलिंग होतं असं प्रसिद्ध केलं. मोठी बातमी होती ती. मग त्यांनी स्वतःच पुन्हा खोलात जाऊन तपासलं. २००५ मध्ये त्यांनीच छापलं की वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये पॅलेडियमचा अंश होता, अब्जात ५० भागांइतका, आणि रिॲक्शन बहुधा त्याच्यामुळेच होत होती. इतकंसं पॅलेडियम निकाल फिरवत असेल तर 'बाटली कुठली' हा प्रश्न क्षुल्लक कसा म्हणायचा? आणि आपलाच गाजलेला निकाल पुन्हा उघडून बघणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. तुझ्या सरांनी तुला तेच करायला सांगितलं आहे. 'ऑरगॅनिक सिंथेसीज' हे प्रकाशन १९२१ पासून निघतं. त्यात येणारी प्रत्येक प्रोसीजर छापण्याआधी संपादक मंडळातल्या कुणाच्या तरी लॅबमध्ये पुन्हा करून बघतात. मोठमोठ्या केमिस्टांच्याही.

त्या ७८ बद्दल माझा संशय वेगळाच आहे. प्रॉडक्ट नीट सुकला होता का? तुझा एनएमआर स्पेक्ट्रम, म्हणजे प्रॉडक्टमध्ये काय काय आहे ते दाखवणारा आलेख, अजून मशीनच्या कॉम्प्युटरवर असेल. तो उघड. क्लोरोफॉर्ममध्ये घेतला असेल तर आलेखाच्या आडव्या पट्टीवर १.२६, २.०५ आणि ४.१२ पीपीएमला बघ. तिथे पीक दिसले की ते इथाइल ॲसिटेट, उरलेलं सॉल्व्हंट. इंटिग्रेशन करून, म्हणजे पीकखालचं क्षेत्रफळ मोजून, प्रमाण काढ. तुझ्या प्रॉडक्टचा रेणुभार २०० धरला आणि त्याच्या एका रेणूमागे अर्धा रेणू सॉल्व्हंट उरला असेल, तर वजनातला १८ टक्के भाग सॉल्व्हंटचाच. ७८ चे ६४ होतात. त्यात टेट्राकिसमधून येणारं ट्रायफेनिलफॉस्फिन ऑक्साइड मिसळलं असेल तर आणखी खाली. कदाचित पीक स्वच्छ असतील आणि ७८ खरे ठरतील. तसं झालं तर मला आनंदच होईल. पण ते स्पेक्ट्रम बघून ठरू दे.

एम.एस्सी. सोडण्याचं मात्र मनातून काढून टाक. यील्ड येत नसताना जी मुलगी तीनदा कॉलम लावते, तिचा या विषयावर जीव आहे. तुझ्या हाताबद्दल मला शंका नाही, तुझ्या रविवारबद्दल आहे.

उद्या सकाळी सरांच्या केबिनमध्ये जा आणि सांग, 'सर, ते पान मी नंतर आठवून भरलं आहे.' एवढंच, सबबी नकोत. ऐकून घ्यावं लागेल, ऐकून घे. मग त्यांच्यासमोर त्या पानाच्या खाली आजची तारीख घालून तेच वाक्य लिही. पान फाडू नकोस, काही खोडू नकोस. टिश्यू अजून असेल तर तो तिथेच चिकटव. आणि त्यांना विचारून रिॲक्शन लाव, वही बेंचवर उघडी ठेवून. बॅलन्सवरचा आकडा थेट वहीत, पेनाने. बाटलीवरचा लॉट नंबर, नायट्रोजन सोडल्याची आणि बंद केल्याची वेळ, रिॲक्शन कुठवर आली ते दाखवणाऱ्या टीएलसी प्लेटचं चित्र, सगळं त्या क्षणी. यील्ड ३८ आलं तर ३८ लिही आणि खाली सरांची सही घे.