निकाराग्वातील सोमोझा घराण्याची सत्ता १९७९ मध्ये नेमकी कशामुळे कोसळली?

सोमोझा घराण्याच्या भ्रष्टाचाराने अखेरीस गरिबांबरोबरच व्यापारी, उद्योजक आणि चर्च यांनाही विरोधात उभे केले, आणि हा आधार सुटल्यामुळेच १९७९ मध्ये ती सत्ता कोसळली. १९३० च्या दशकापासून देशाचा कारभार, मोठमोठ्या शेतजमिनी आणि नॅशनल गार्ड ही सेना एकाच कुटुंबाच्या मुठीत होती. तरीही सांडिनिस्टा या डाव्या गनिमांची बंडखोर संघटना बरीच वर्षे लहानच राहिली. खरे वळण मिळाले ते २३ डिसेंबर १९७२ च्या भूकंपाने. राजधानी मानाग्वा उद्ध्वस्त झाली, हजारो माणसे दगावली, आणि परदेशातून आलेल्या मदतीचा मोठा वाटा घराण्याचे तेव्हाचे सर्वेसर्वा अनास्तासिओ सोमोझा व त्यांच्या गोतावळ्याकडे वळला, तर गार्डचे सैनिक पडलेली दुकाने उघडपणे लुटत होते. मृतांच्या नावाने आलेला पैसा खाल्ला गेला, याची चीड पुढे कधीच शमली नाही. १० जानेवारी १९७८ रोजी ‘ला प्रेन्सा’ या सोमोझाविरोधी वृत्तपत्राचे संपादक पेद्रो होआकिन चामोरो यांची हत्या झाली, तेव्हा उद्योजकांनीही संप पुकारला. त्याच वर्षी शहरांतून उठाव झाले आणि स्वतःच्याच शहरांवर बॉम्ब टाकून अनास्तासिओ सोमोझा यांनी उरलासुरला पाठिंबा गमावला. १७ जुलै १९७९ रोजी त्यांनी देश सोडला. दोनच दिवसांनी सांडिनिस्टा मानाग्वात शिरले. मात्र सांडिनिस्टांचे तीन गट मार्च १९७९ मध्ये एकत्र आले नसते आणि अमेरिकेने लष्करी मदत थांबवली नसती, तर केवळ लोकक्षोभाने हा शेवट इतक्या लवकर झाला नसता, असे माझे मत आहे.