प्रवासात काय पाहावे: नव्या डिझायनरसाठी

परदेशवारीची आस धरण्याआधी सणाच्या गर्दीत कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर तासभर उभे राहा आणि लोक पैसे कसे देतात, एवढेच वहीत टिपा. गजरेवालीच्या टोपलीला अडकवलेला क्यूआर कोड मळलेला असूनही चालतो, कारण १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी घडवलेल्या या चिन्हात जादा माहिती साठवलेली असते आणि चूक दुरुस्तीच्या सर्वोच्च पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी ते वाचता येते. मात्र कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन झाकले गेले, तर स्कॅनरला कोड ओळखता येत नाही. गजरे ओवण्यात हात गुंतलेल्या बाईंना जमा झालेली रक्कम मोठ्याने सांगणारा डबा (साउंडबॉक्स) अधिक उपयोगी पडतो, हेही पाहा. मोबाइलच्या पडद्यापलीकडचे डिझाइन (माझ्या मते खरे डिझाइन) तिथे कळते.

मग खुशाल बाहेर जा. लंडनच्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेक यांचा १९३३ चा नकाशा खरी अंतरे बाजूला ठेवतो, कारण प्रवाशाला गाडी कुठे बदलायची एवढेच हवे असते. तीच युक्ती भवानी मंडप ते बिंदू चौक पायी जाणाऱ्या भाविकासाठी वापरू नका. त्याला अंतर, वळण आणि ओळखीची खूण या तिन्ही गोष्टी लागतात.