रिजिड माउंटन बाइकला पुढे जाड टायर लावायचा असेल तर नेमकं काय काय बघावं?

तुमचा प्रश्न मला असा कळला: 29 इंची हार्डटेल (फक्त पुढे शॉकअप असलेली माउंटन बाइक) आहे, पुढचा 100 मिमी दबणारा शॉकअप तेल गाळायला लागलाय, तो दुरुस्त करण्यापेक्षा रिजिड फोर्क (पुढचं चाक धरणारा, न दबणारा चिमटा) टाकून पुढे जाड टायर बसवायचा विचार आहे. मागचं चाक आहे तेच ठेवायचंय. वजन 75 किलोच्या आसपास, वाटा दगडगोट्यांच्या, मधेमधे डांबरी रस्ता.

करा. सायकल हलकी, शांत आणि बिनकटकटीची होते. फक्त जाड टायर म्हणजे फुकटातला शॉकअप, या समजुतीने करू नका. शॉकअप दोन कामं करतो: दणका बसला की दबतो, आणि दबल्यावर परत येताना स्वतःला आवरतो. दुसरं काम आतल्या तेलाचं. टायर दबतो छान, पण आवरणारं कोणी नसतं, म्हणून जेवढा दबतो जवळपास तेवढाच उसळतो. याचा अर्थ खडी, मुळं, पन्हाळीसारख्या सरी असले बारीक हादरे 3 इंची टायर एखाद्या स्वस्त शॉकअपपेक्षा चांगले गिळतो, कारण त्याला सील नाहीत आणि अडकून बसणं नाही. पण गुडघाभर पायरीवरून उडी टाकलीत तर हिशेब तुमच्या कोपरांशी आणि गुडघ्यांशी. पुढची सगळी जुळवाजुळव या एका गोष्टीभोवती फिरते.

जाड टायर पुढेच का, हेही सांगून टाकतो. मागचं चाक घसरलं तर सायकल जरा आडवी होते आणि आपण सावरतो. पुढचं घसरलं तर आपण जमिनीवर. शिवाय मागचे दणके सीटवरून उठून पायांवर घेता येतात, पुढचे थेट मनगटात जातात. आणि मागे जाड टायरला चेन आणि फ्रेमच्या मागच्या दांड्या आड येतात, तर पुढे फक्त फोर्क रुंद हवा. (सर्ली कंपनीने 2005 मध्ये पग्सली ही जाड टायरची सायकल आणली तेव्हा तिच्या फोर्कला मुद्दाम मागच्यासारखा 135 मिमीचा हब (चाकाचा मधला भाग) दिला होता, म्हणजे वाटेत मागच्या चाकाचा खेळ खलास झाला तर पुढचं काढून मागे लावता यावं. असला विचार करणारी माणसं मला आवडतात.)

आता सगळ्यात जास्त लोक चुकतात ती जागा: उंची. फोर्क घेताना आधी बघायचं ते अ‍ॅक्सलच्या मध्यापासून क्राउनच्या (फोर्कचे दोन पाय वर जिथे जुळतात त्या भागाच्या) बैठकीपर्यंतचं अंतर. 29 इंची 100 मिमीच्या शॉकअपला हे साधारण 500 ते 510 मिमी असतं. पण तुम्ही बसलात की तो 20-25 मिमी दबतो, म्हणजे चालवताना फोर्कची खरी उंची 480-485 ची असते. म्हणूनच बाजारातले बरेच रिजिड फोर्क या आकड्याच्या आसपास बनवलेले असतात. जुन्या फोर्कची मोकळी उंची मोजून तेवढाच लांब रिजिड फोर्क मागवला, तर पुढचा भाग कायमचा वर राहील, चढावर चाक इकडेतिकडे भटकेल आणि तुम्ही त्याचं खापर टायरवर फोडाल.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. निसटतं ते हे की टायरसुद्धा उंची वाढवतो. 29 × 2.25 (29 इंची चाकाच्या, 2.25 इंच रुंद) टायरचा बाहेरचा व्यास साधारण 735 मिमी, 29 × 3.0 चा 770 च्या जवळ. म्हणजे त्रिज्येत 17 मिमीची वाढ. हवा कमी ठेवल्यामुळे जाड टायर जरा जास्त दबतो, त्यातले काही मिलिमीटर तिथेच जातात, तरी पुढचा भाग 10 ते 15 मिमी उचलला जातोच. पुढून 20 मिमी उचललं की हेड अँगल (फोर्कचा कल) साधारण एका अंशाने ढिला, म्हणजे जास्त आडवा होतो, या हिशेबाने तुमचा अर्धा-पाऊण अंश जाईल. पायडलची उंची 4 ते 6 मिमीने वाढेल. हे वाईट नाही. उतारावर तर बरंच वाटतं, आणि रिजिड फोर्क ब्रेक मारल्यावर नाक खाली घालत नसल्यामुळे अँगल आहे तिथेच राहतो. पण फोर्क 500 चा आणि वर 3 इंची टायर, असं दोन्ही एकदम केलंत तर सायकल चढावर घोड्यासारखी पुढून उठेल. 3 इंची 29 टायर घेणार असाल तर फोर्क 470 ते 483 च्या दरम्यान बघा.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो, निदान तुमच्या वर्णनावरून: पुढे 27.5 इंची चाक आणि 2.8 किंवा 3.0 चा टायर. त्याचा बाहेरचा व्यास जवळपास 29 × 2.25 इतकाच भरतो. मग उंचीचं गणितच करावं लागत नाही, चाक थोडं हलकं राहतं आणि टायर फ्रेमच्या खालच्या दांड्याला भिडण्याची भीतीही कमी होते. तोटा एवढाच की मोठं चाक खड्ड्यावरून जसं सहज लोळत जातं तो फायदा मिळत नाही. रेती नाही, बर्फ नाही, तर 4 इंची टायरपर्यंत जायचं काही कारण मला दिसत नाही. तो टायर डांबरावर जड लागतो आणि त्याची उसळी आवरणं अवघड जातं. आणि 3 इंची टायरचे पर्याय अलीकडे कमी झालेत, नाहीच मिळाला तर 29 × 2.6 घेऊन मोकळे व्हा. फरक कमी, पण कळण्याइतका नक्की.

टायर ठरला की चाक. तुमच्या जुन्या रिमची आतली रुंदी 21-23 मिमी असणार. तिच्यावर 3 इंची टायर चढेल, पण कमी हवेत वळणावर तो बाजूला लोळेल, चाकाखाली काहीतरी सरकतंय असं वाटत राहील. 2.6 ला 30-35 मिमी, 2.8 ते 3.0 ला 35-45 मिमी आणि 4 इंचाला 65 मिमीच्या पुढे, असा अंदाज धरा. म्हणजे नवं चाक आलंच, आणि त्याचा हब फोर्कशी जुळला पाहिजे. हल्लीचे 3 इंची टायर मावणारे रिजिड फोर्क बहुतेक 110 × 15 च्या (110 मिमी रुंद हब, 15 मिमी जाड आस) बूस्ट अ‍ॅक्सलचे असतात, 4 इंचांचे 150 × 15 चे. जुना 135 मिमीचा जाड टायरचा फोर्क कुठे स्वस्तात मिळाला तर एक भानगड ध्यानात ठेवा: 135 मध्ये दोन जाती आहेत. एकीत ब्रेकच्या डिस्कची जागा पुढच्या हबप्रमाणे, दुसरीत मागच्या हबप्रमाणे, आणि दोन्हींत साधारण 5 मिमीचा फरक आहे. चाक बसतं, डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये येत नाही. विकणाऱ्यालाही हे माहीत नसतं.

टायरवर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. 3.0 लिहिलेला टायर रिमवर चढवून हवा भरल्यावर बऱ्याचदा 2.8 च भरतो, आणि एक-दोन दिवसांनी थोडा फुगतो. म्हणून दुसऱ्या दिवशी व्हर्नियर कॅलिपरने बाहेरच्या गुंड्यांची रुंदी मोजा. फोर्कच्या दोन्ही बाजूंना आणि वर क्राउनखाली किमान 6 मिमी मोकळं हवं, चिखलात चालवणार असाल तर 10. मग सायकलवर बसून, पायडल पुढे आडवं ठेवून हँडल वळवून बघा, बुटाचा पुढचा भाग टायरला लागतो का. जाड टायर हे अंतर नकळत खातो.

स्टिअररचं (फोर्कची फ्रेममध्ये जाणारी वरची नळी) फार लांबवत नाही. तुमची हेडट्यूब (स्टिअरर ज्यात बसतो ती फ्रेमची नळी) सरळ आहे की खाली रुंद होणारी, हे बघून फोर्क घ्या. फोर्क कार्बन स्टिअररचा असेल तर आत ठोकायचा स्टार नट वापरू नका, फुगवून घट्ट होणारा प्लग वापरा. ब्रेकची डिस्क 160 मिमीची असेल तर 180 करा, कारण जाड टायर जमीन इतकी धरतो की आधीचा ब्रेक अपुरा वाटायला लागतो. पण फोर्कवर कमाल मोजमाप लिहिलेलं असतं, ते ओलांडू नका.

आता हवा. माझ्या मते पैसे कुठे घालायचे असतील तर ते चांगल्या कमी दाबाच्या गेजवर. जमिनीवरच्या पंपाचा काटा 20 पीएसआयच्या खाली निव्वळ अंदाज सांगतो, आणि तुमचा सगळा खेळ तर 20 च्या खालीच आहे. 14 पीएसआय म्हणजे जवळजवळ 1 किलो प्रति चौरस सेंटिमीटर. पुढच्या चाकावर 35 किलो भार येतो असं धरलं तर टायरचा साधारण 35 चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो. 28 पीएसआय ठेवलंत तर तो निम्मा होतो, मग जाड टायर घेऊन उपयोग काय? आणि 14 मध्ये 1 पीएसआय म्हणजे 7 टक्के. म्हणजे छोटा फरकही मोठा, त्यामुळे दर वेळी तोच गेज वापरा; मग त्याचा आकडा नेहमी सारखाच थोडा चुकला तरी चालेल.

तुमच्या वजनाला 3.0 च्या टायरला 15, 2.6 ला 18 आणि 4.0 ला 9 पासून सुरुवात करा, ट्यूबलेस धरून. मग ओळखीचा, दगडगोट्यांचा एक छोटा तुकडा निवडा आणि तोच परत परत चालवा, दर वेळी 1 पीएसआय कमी करत. हवा जास्त असेल तेव्हा चाक दगडावर आदळून वर फेकलं जातं, सलग खड्ड्यांवर एकेक उसळी दुसरीत मिसळते आणि हँडल हातातून निसटायला बघतं. कमी करत जाल तशी एका टप्प्यावर ही उसळी अचानक विरते. जवळून बघायचं असेल तर मुठीएवढ्या दगडावर चाक हळूच चढवा आणि हँडलवर भार टाका. टायरचा मधला भाग दगडाभोवती खोलगट होतो आणि दोन्ही बाजूंच्या गुंड्या जमिनीवरच राहतात, तो दाब बरोबर. आणखी खाली गेलात की दोन खुणा दिसतात. एक, दगडावर "धप" ऐवजी "टक" असा कोरडा आवाज, म्हणजे रिम लागली. क्वचित लागली तर ठीक, प्रत्येक फेरीत लागली तर 1 पीएसआय वाढवा. दुसरी खूण डांबरावर कळते: वळताना हँडल जड होतं, आणि रस्ता एका बाजूला उतरता असेल तर चाक आपणहून तिकडे ओढतं. हा कमी हवेतल्या रुंद टायरचा स्वभाव आहे, हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बिघडलेला नाही. डांबराचा पल्ला मोठा असेल तर 2-3 पीएसआय जास्त भरून निघा आणि कच्च्या वाटेला लागताना सोडून द्या.

ट्यूब टाकून हे जमणार नाही. एवढ्या कमी हवेत दगडावर ट्यूब रिमखाली चेपली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेससाठी रिमवर चिकटवायची टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा थोडी जास्त रुंद घ्या, म्हणजे कडांपर्यंत चढेल. व्हॉल्व्हचा आतला गाभा काढून, कडेला साबणाचं पाणी लावून एकदम हवा मारा. टायर बसल्याचे फटाफट आवाज आले तरी चाक फिरवून रिमलगतची रेघ सगळीकडे सारखी दिसते का बघा. सीलंट (भोकं बुजवणारा द्रव) 120 मिली तरी घाला. ते आत वाळतं, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी टायर हलवून आत खळखळ ऐकू येते का पाहायचं.

मागच्या 2.25 ला 22-24 पीएसआय ठेवा. पुढे मऊ आणि मागे दगड असं झालं की सायकल दोन तुकड्यांत चालल्यासारखी वाटते. मागे 2.4 मावत असेल तर जुना झिजल्यावर तोच घ्या.

उरले हात. 760 मिमीच्या आसपासचं रुंद हँडल, जाड सिलिकॉनच्या मुठी, ब्रेकचं लिव्हर थोडं आडवं आणि एका बोटाने दाबण्याजोगं. मागे वळलेली हँडलं रिजिडवाल्यांत लोकप्रिय आहेत. सायकली बनवणाऱ्या जेफ जोन्सच्या एच-बार या हँडलला 45 अंशांचं वळण आहे आणि लांब पल्ल्याला ते मनगटाला खरोखर सुखाचं असतं, पण अरुंद, वळणावळणाच्या पायवाटेवर मला साधं हँडल बरं वाटतं. मुठी करकचून आवळू नका. टायरला उसळी आवरता येत नाही, ते काम तुमची वाकलेली कोपरं करतात, आणि आवळलेल्या हाताची कोपरं वाकत नाहीत.

स्टिअरर मात्र लगेच कापू नका. स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या भागाच्या) वर आणि खाली स्पेसर, म्हणजे रिंगा, ठेवून काही आठवडे चालवा, हँडल वरखाली करून बघा. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर नव्या चाकाचे स्पोक थोडे ढिले पडतात, ते ताणून घ्या. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, हेडसेटमध्ये खेळ असेल तर तेव्हाच काढा. मनगटं, पाठ आणि चढावरचं चाक या तिघांची तक्रार थांबली की मग कापा.