सुवर्णभूमी की सुवन्नफूम, आणि काठी खाल्लेला 'ग'

प्रश्न असा आलाय: "बँकॉकच्या एअरपोर्टच्या पाटीवर नाव सुवर्णभूमी असं चांगलं संस्कृत आहे, पण तिथले लोक 'सुवन्नफूम' असं काहीतरी म्हणतात. हा अपभ्रंशच ना? मग मराठीत कुठलं बरोबर?"

मराठीत सुवर्णभूमी लिहा, तिथे टॅक्सीत बसलात की सुवन्नफूम म्हणा. झालं उत्तर. सुवर्णभूमी म्हणजे सोन्याची भूमी हे सांगायला मी कशाला पाहिजे, आणि जुन्या ग्रंथांतली सुवर्णभूमी नेमकी ब्रह्मदेशात होती, मलायात होती की अजून कुठे या भांडणात मी पडणार नाही. एअरपोर्टला हे नाव तिथल्या राजाने २००० साली दिलं, २००६ मध्ये तो सुरू झाला, आणि त्याआधी त्या दलदलीला नोंग ङू हाव म्हणायचे, म्हणजे नागांचं तळं. आपल्या वर्णमालेत बिनकामाचा बसलेला ङ तिथे शब्दाच्या सुरुवातीला येतो बघा, ङू म्हणजे साप. आणि त्याच नागतळ्यावरच्या टर्मिनलमध्ये आता वासुकीला धरून समुद्रमंथन करणाऱ्या देवदानवांचं मोठं शिल्प आहे, लोक त्याच्यापुढे सेल्फी काढतात.

माझं डोकं फिरतं ते 'अपभ्रंश' या शब्दाने. थाय लोकांना संस्कृत नीट बोलता येत नाही, जीभ वळत नाही, असं सहलीवरून आलेला प्रत्येक जण हसत हसत सांगतो, आणि सांगणारा स्वतः काय म्हणतो? भूमिबोल! २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअरपोर्टला नाव देणारा हाच राजा वारला तेव्हा बातम्यांमध्ये सगळीकडे भूमिबोल, भूमीबोल. काय बोल? कोणाचे बोल? नाव आहे भूमिबल अतुल्यतेज. थाय लिपीत भ, म, ब, ल ही अक्षरं जिथल्या तिथे आहेत, आणि वाचतात फूमिफोन अदुनयादेत. रोमन लिहिताना राजघराण्याने व्यंजनं ठेवली संस्कृतची, पण 'बल' मधल्या न लिहिलेल्या अ चा थाय वाचनात ओ होतो तो मात्र तसाच घेतला, म्हणून ते 'बोल' झालं. ते रोमन स्पेलिंग आपण उचललं आणि देवनागरीत छापलं. म्हणजे आपलं भूमिबोल हे ना संस्कृत ना थाय. अपभ्रंश म्हणायचाच तर याला म्हणा.

आता नियम, कारण हा सगळा प्रकार नियमाने चालतो, जिभेच्या कमजोरीने नाही. थाय वर्णमाला आपल्याच क्रमाने जाते, क ख ग घ ङ. ग, ज, द, ब ला वेगळी अक्षरं आहेत, श ष स तिन्ही आहेत (उच्चार तिन्हींचा स, पण लिहिताना गोंधळ केलेला चालत नाही, हे 'ष कशाला पाहिजे' म्हणणाऱ्या आपल्या लोकांनी ऐकावं). पण काही शतकांपूर्वी त्यांच्या बोलण्यात ग चा ख झाला, ज चा छ, द चा थ, ब चा फ, आणि हा फ फळातला, फॅनमधला नाही. अक्षर तेच राहिलं, आवाज बदलला, जो फरक गेला तो सुरांमध्ये जाऊन बसला (थायमध्ये सूर बदलला की शब्द बदलतो). म्हणून गुरु तिथे ख्रू, देव थेप, बुद्ध फुत. त्यात शब्दाच्या शेवटी र किंवा ल आला की त्याचा न होतो, म्हणून आहार चा आहान, नगर चा नखोन, बल चा फोन. आणि उलट बाजूने जुन्या शब्दांतला त अनेकदा द होतो आणि प चा ब, पिता तिथे बिदा आणि तारा तिथे दारा, आणि दारा म्हणजे सिनेमातला स्टार. पाप म्हणजे बाप. पापाचा बाप कोण हे तिथे विचारायची सोयच नाही!

यावरून लगेच 'थाय ही संस्कृतची लेक' असले फॉरवर्ड सुरू करू नका प्लीज. पाणी म्हणजे नाम, भात म्हणजे खाव, जाणं म्हणजे पाय, दोन सोंग, तीन साम. घरातली भाषा पूर्ण वेगळ्या कुळातली आहे, आकडे चिनीच्या शेजारचे आहेत. संस्कृत-पाली आली ती देवळातून, दरबारातून आणि बरीचशी ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या, लोकांच्या हातून.

आता मूळ मुद्दा, सुवर्ण चं सुवन्न कसं झालं. इथे पालीवाले मंडळी लगेच हात वर करतात. पालीत सुवण्ण आहे, थायलंड बौद्ध आहे, म्हणून सुवन्न, विषय संपला. एवढं सोपं असतं तर मग पालीत स्वर्गाला सग्ग म्हणतात, थायमध्ये सक् का नाही म्हणत? थायमध्ये स्वर्ग म्हणजे सवन. पालीत वर्षाला वस्स, पण थाय लोक वर्षावासाला फन्सा म्हणतात (आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी बसतो, भिक्खू तीन महिने एका विहारात राहतात, आपल्या चातुर्मासाच्याच आगेमागे). आता हा न आणला कुठून? सग्ग मध्ये न नाही, वस्स मध्ये नाही, स्वर्ग आणि वर्षा मध्येही नाही. पालीवाल्यांकडे याला उत्तर नाही, दरवेळी विषय बदलतात.

उत्तर लिपीत आहे. थायमध्ये अशा शब्दांत दोन र शेजारी शेजारी लिहितात, रर. याला रो हान म्हणतात. या जोडीचा उच्चार र होतच नाही. तिच्यापुढे त्याच तुकड्यात (सिलॅबलमध्ये) उच्चारायचं व्यंजन असेल तर ती नुसता अ होते, म्हणून धर्म चा थम, कर्म चा कम. पुढे काही नसेल, असून गप्प असेल किंवा पुढच्या तुकड्यात जात असेल तर ती अन होते, म्हणून सवन, फन्सा, आणि गर्भ चा खन. सुवर्ण मध्ये पुढे ण आहे म्हणून सुवन, आणि समासात मधला ण परत सुटा होऊन बोलतो म्हणून सुवन्न-फूम. पालीशी जुळलं ते इथे जुळलं, सगळीकडे नाही. आणि माझं पक्कं मत असं आहे की हे रर म्हणजे आपल्या रफाराचंच भावंड आहे. तुम्ही यादी करून बघा, देवनागरीत ज्या शब्दांत अ नंतर रफार येतो, धर्म कर्म वर्ण स्वर्ग गर्भ वर्षा सर्व, तिथे तिथे थायमध्ये बहुतेक रर सापडतं, आणि आचार्य मध्ये आ दीर्घ आहे तर तिथे एकच र, उच्चार आचान. एवढं नेमकं जुळतं त्याला योगायोग म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो. रफार आपण डोक्यावर चढवला, त्यांनी तो खाली ओळीत उतरवून दोनदा लिहिला, पण जागा तीच.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं लिहितोय ते. स्वर्ग मधला ग कुठे गेला? लिहिलेला आहे! स, व, र, र, ग, सगळे हजर आहेत, फक्त ग च्या डोक्यावर एक छोटी गाठ मारलेली खूण आहे, म्हणजे हे अक्षर वाचायचं नाही. त्या खुणेचं नाव काय माहितीये? थन्थखात. आता वरचा नियम उलटा चालवा, थ चा द, ख चा घ... दंडघात! काठीचा तडाखा!! अक्षराच्या टाळक्यात काठी घातली की ते गप्प. मराठीत आपण काय करतो, अक्षराचा पाय मोडतो. आपण खालून पाय मोडतो, ते वरून काठी घालतात. आपला पायमोडका ग निदान अर्धा बोलतो तरी, त्यांचा पूर्ण आडवा. आणि ज्या अक्षराला काठी बसली त्याला म्हणतात कारान, हे आपल्या अकारान्त इकारान्त मधलं 'कारान्त'. त्यातही गंमत, 'कारान' शब्दातल्या शेवटच्या त लाच काठी बसलेली आहे. थाय लोक आता सर्रास खुणेलाच कारान म्हणतात आणि तिथले भाषावाले चिडून सांगत असतात की बाबांनो कारान म्हणजे अक्षर, खूण म्हणजे थन्थखात. मला त्या अनोळखी लोकांबद्दल फार आपुलकी वाटते.

काठीचा हिशोब बघायचा तर आठवडा घ्या. रविवार आथित, म्हणजे आदित्य, य ला काठी. सोमवार चन, म्हणजे चंद्र, काठी र च्या डोक्यावर पण द पण सोबत गार. शुक्रवार सुक, र ला काठी. शनिवार साव, तो सौर मधून, तिथेही र लाच. चार दिवस मार खातात, तीन सुटतात. सुटलेल्यांत मंगळवार आहे, त्याचं नाव अंगखान, म्हणजे अंगार. आपली अंगारकी चतुर्थी ज्या अंगारकाची, तोच हा. आणि बृहस्पती मधल्या पती चा तिथे बोदी झालाय, प चा ब आणि त चा द, वरचा नियम.

कोणी म्हणेल बोलायची नाहीत तर लिहायची कशाला अक्षरं? हा प्रयोग त्यांनी करून झालाय. १९४२ मध्ये फिबून नावाच्या लष्करी पंतप्रधानाने (सियामचं थायलंड १९३९ मध्ये यानेच केलं) हुकूम काढला आणि ४४ पैकी १३ व्यंजनं काढून टाकली, श ष गेले, संस्कृत स्पेलिंगं सपाट झाली. १९४४ मध्ये तो पडला आणि अक्षरं परत आली. शेजारी लाओसने मात्र उच्चाराप्रमाणे लिहायचं ठरवलं ते ठरवलंच. लाओ शब्द बघून त्याचं मूळ ओळखायला मला दुप्पट वेळ लागतो, थायमध्ये काठी खाल्लेलं अक्षर बोट करून सांगतं की मी इथला.

अपभ्रंशाचं राहिलंच. सुवर्ण वरून प्राकृतात सुवण्ण, त्यावरून सोण्ण, त्यावरून आपलं सोनं. र गेला, व गेला, ण चा न झाला, आणि लिहिताना आपण काहीच जपलं नाही. भूमि ची आपण भुई केली. 'भूमी' चा शेवटचा ई थाय लोक खातात म्हणून हसणाऱ्यांनी रीति ची रीत आणि जाति ची जात कोणी केली ते सांगावं. तिथेही जाति चा इ असाच गळतो आणि उच्चार होतो छात, अर्थ मात्र राष्ट्र. आंतरराष्ट्रीय म्हणजे नानाछात. आणि राष्ट्र या शब्दाचा अर्थ तिथे प्रजा, सामान्य माणसं. १९३२ मध्ये ज्यांनी राजाची अनियंत्रित सत्ता संपवली त्या गटाचं नाव खना रात्सदोन, म्हणजे गण आणि राष्ट्र, पण मतलब जनतेचा पक्ष.

राष्ट्र वरून आठवलं आणि हे खानदेशातल्या लोकांना सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. दक्षिण थायलंडमध्ये सुरात थानी नावाचा प्रांत आहे, कोह सामुई बेटाला जाणारे तिथूनच बोटीत बसतात. हे नाव १९१५ मध्ये राजा वजिरावुध (वज्रायुध!) याने दिलं, लिहितात सुराष्ट्र-धानी, अर्थ चांगल्या माणसांचं शहर, आणि डोळ्यासमोर होतं गुजरातेतलं सुरत. आता सुराष्ट्र म्हणजे सौराष्ट्र, सुरत नव्हे, म्हणून राजा चुकला असं काही विद्वान मोठ्या समाधानाने लिहितात. मला नाही पटत. ऑक्सफर्डला शिकलेला, शकुंतलेवर नाटक लिहिणारा माणूस, त्याला एवढं कळत नव्हतं? त्याला 'सु' आणि प्रजा या अर्थाचा 'रात' जोडून कानाला सुरत ऐकू येणारा श्लेष करायचा होता, तो त्याने केला. पुरावा पाहिजे? त्याच साली त्याने तिथल्या नदीचं नाव बदलून तापी ठेवलं. सुरत तापीच्या काठी, म्हणून सुरात थानी पण तापीच्या काठी.

आणि उच्चार अगदी तापी. जुन्या नियमाने त चा द आणि प चा ब होऊन ती दाबी व्हायला हवी होती, पण ती आली विसाव्या शतकात थेट राजाच्या हातून, म्हणून भुसावळला जशी म्हणतात तशीच राहिली. उगम तिचा खाव लुआंग डोंगरात, नखोन सी थम्मरात प्रांतात, म्हणजे नगर श्रीधर्मराज, आणि त्या धर्म मध्ये परत ते रर आहेच.